मामांचा अर्धा तास

गाद्यांच्या कारखान्याची तपासणी म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, जेवायला घरीच येतो, असं बायकोला सांगून तपासनीस सकाळी निघाला. हा माणूस सांगितलेल्या वेळेला घरी पोचणाऱ्यांतला होता. ऑफिसात त्याला पूर्णविराम म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. अर्धवट भरलेला कागद दिसला की त्याच्या पोटात दुखायचं. रिकामी चौकट, राहिलेली तारीख, विसरलेली सही असं काही नजरेला पडलं की ते पुरं होईपर्यंत त्याला घास गोड लागत नसे.

त्याहून त्याला जास्त राग कशाचा असेल, तर मागाहून भरलेल्या वहीचा. आग विझवायचे सिलिंडर न बघताच एका बैठकीत बारा महिन्यांच्या सह्या ठोकणारे लोक त्याला लांबून ओळखू यायचे. शाईचा रंग एक, अक्षराचा कल एक, आणि बाराव्या सहीला कंटाळलेला हात. अशा माणसाला तो चारचौघांत उभा करायचा आणि त्याची सालटी काढायचा. हाताखालचे लोक त्याला वचकून असत, ते काही उगाच नव्हे.

कारखाना एका अरुंद रस्त्यावर होता. दोन्ही अंगांना राहती घरं अगदी चिकटून, मध्ये बोटभर फट नाही. वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीचा लांब हॉल, तिथे साठ बायका मशीनवर गाद्यांच्या खोळी शिवत. रस्त्याच्या पातळीला ऑफिस आणि तयार माल. त्याच्याखाली तळघर, त्यात कापसाच्या गासड्या आणि फोमचे गठ्ठे. आगीला यापेक्षा चांगलं आमंत्रण कोणी देणार नाही, असं तपासनीस पायरी चढताना स्वतःशीच पुटपुटला.

आणखी एक गोष्ट होती. वरच्या हॉलची सुपरवायझर त्याची सख्खी थोरली बहीण होती. आईवडिलांमागे ताईने याच हॉलमध्ये मशीन चालवून त्याला शिकवलं होतं. खरं तर ही तपासणी दुसऱ्या कोणी करायची, पण तो दुसरा रजेवर होता आणि काम याच्या गळ्यात पडलं. तेव्हा बहिणीच्या कारखान्याला सूट दिली असं कोणी म्हणायला नको, म्हणून आज दुप्पट कडक वागायचं, हे त्याने घरूनच ठरवून ठेवलं होतं.

ताईला त्याचा चेहरा बघूनच ते कळलं. "आलास का धाकट्या? आधी पाणी पी, मग काढ आमची सालटी," ती म्हणाली, आणि जवळच्या दोन मशीनवरच्या बायका खाली मान घालून हसल्या.

सालटी काढायला मात्र काही सापडेना. प्रत्येक लाल सिलिंडर खिळ्यावर, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात, पिन जागेवर. दोन्ही दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी आणि त्यांच्यापुढे एक चिंधीसुद्धा नाही. इस्त्रीच्या टेबलाशी एक ढिला प्लग निघाला, तेवढाच काय तो वहीत गेला. स्टोअर सांभाळणाऱ्या बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्याच्यामागून फिरत होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. गेल्या अकरा वर्षांत इथे साधा फ्यूजसुद्धा उडालेला नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या सांगण्यात अभिमान नव्हता. उलट, नको ते बोलून गेल्यासारखा त्यांनी ओठ आवळला.

तळघरात उतरलं की वरच्या मशीनांची घरघर एकदम लांब जायची. नव्या कापसाचा कोरडा वास, त्याखाली रबराचा आणि ओलसर चुन्याचा. दोन ट्यूबलाइट होत्या, त्यांतली टोकाची मिणमिणत होती. त्या टोकाच्या भिंतीवरून पाण्याचा जाड पाइप गेला होता. पाइपाला आधाराची पट्टी वेल्डिंग करून बसवलेली, आणि तिच्याखाली भिंतीवर ताटलीएवढा काळा डाग. डागाच्या समोर, दोन हातांवर, रंगाचा एक रिकामा डबा पालथा घातलेला होता.

तपासनिसाने बॅटरीचा झोत जमिनीवरून फिरवला. सगळीकडे कापसाच्या धुळीचा पातळ थर होता. डब्याभोवती तेवढी जमीन स्वच्छ होती आणि डब्याचं बूड घासून चकाकत होतं.

"हा वाटेतून काढा," तो म्हणाला.

"तो राहू दे, साहेब."

त्याने वळून बघितलं. असं उत्तर द्यायची कोणाची छाती होत नसे. बाईंनी मग हलक्या आवाजात, मध्ये मध्ये थांबत, सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी ही पट्टी बसवली, तेव्हा मामा म्हणून एक म्हातारे कामगार इथे होते. कापूस पिंजायच्या यंत्रावर जन्म गेला त्यांचा. कोणाचे मामा ते कोणालाच माहीत नव्हतं, सगळ्यांचेच मामा. वेल्डिंगचा नियम तपासनिसाला सांगायची गरज नव्हती. ठिणगी विझल्यासारखी दिसते आणि फटीत दबा धरून बसते, म्हणून काम संपल्यावर एका माणसाने अर्धा तास त्या जागेवर नजर ठेवून बसायचं. मग अधिकाऱ्याने यायचं, भिंतीला हाताची उलटी बाजू लावून बघायची, आणि वेल्डिंगच्या परवान्याच्या वहीत सही करून पहारा उठवायचा. त्या संध्याकाळी मामांना पहाऱ्याला बसवलं. सही करणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढ्यात निरोप आला की बायकोला कळा सुरू झाल्या. तो जो धावत सुटला, तो मामांना विसरला.

सकाळी बाईंनीच तळघर उघडलं होतं. मामा डब्यावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर डागावर. अंग गार पडलं होतं. "भिंतही गार होती," बाई म्हणाल्या. "डोळे मिटवायला मात्र फार वेळ लागला, साहेब. मिटेनातच…"

तपासनिसाला वाईट वाटलं. तो काही दगड नव्हता. पण बाईंनी परवान्याची वही उघडून दाखवली आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. अकरा वर्षांपूर्वीचं ते पान, सगळ्या ओळी भरलेल्या आणि शेवटची कोरी. 'अर्धा तास पहारा केला. भिंत थंड. पासून, पर्यंत, पहारा करणाऱ्याची सही, अधिकाऱ्याची सही.' चारही चौकटी रिकाम्या. असा अर्धवट राहिलेला परवाना वहीत असताना कारखान्याला सुरक्षिततेचा दाखला देता येत नाही, हा नियम. दाखला नाही तर उद्या कारखाना बंद, आणि साठ जणी घरी.

आजवरच्या साहेबांनी हे पान तसंच राहू दिलं, तुम्हीही राहू द्या, असं बाईंनी म्हणून बघितलं. त्यावर तो हसला. अकरा वर्षं आगीचा पत्ता नाही, आणि आता अर्ध्या तासाची काय मातब्बरी, असं म्हणत त्याने भिंतीला हात लावला. गारढोण. घड्याळात बारा पन्नास झाले होते आणि घरी ताट वाढून ठेवलेलं असणार होतं. त्याने पेन काढलं. पासून, बारा वीस. पर्यंत, बारा पन्नास. पहारा करणारे तर हयात नव्हते, म्हणून त्या चौकटीतही त्याने आपलीच सही केली, आणि खाली अधिकारी म्हणून दुसरी. ज्या गोष्टीसाठी त्याने आजवर लोकांची सालटी काढली, ती त्याने उभ्या उभ्या, तीस सेकंदांत केली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. कागद पुरा झाल्याचं समाधान तेवढं वाटलं.

पेन कागदावरून उचललं आणि डब्याच्या बाजूने एक श्वास ऐकू आला. लांब, सावकाश सोडलेला. दिवसभर उभं राहिलेला माणूस घरी येऊन खाटेवर टेकतो तेव्हा सोडतो, तसा. मग गुडघा मोडल्याचा आवाज आला, आधी एक, मग दुसरा. मग रबरी चपला ओढत कोणीतरी त्या दोघांच्या अंगावरून गेलं आणि एकेक पायरी चढून वर निघून गेलं.

"वरून कोणी आलं असेल," तपासनीस म्हणाला.

बाईंनी वही दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. तपासनिसाने डबा स्वतः उचलला आणि जिन्याखालच्या भंगारात नेऊन टाकला. डबा हलका होता. फक्त बूड कोमट लागलं.

वर ऑफिसात बसून तो दाखला लिहायला लागला. दोन ओळी झाल्या असतील नसतील, एक वास आला. कापडावर इस्त्री विसरली की येतो तो. त्याने मान वर केली, तर समोर बाईंनीही मान वर केलेली. दोघं खाली उतरले.

टोकाची ट्यूबलाइट आता स्थिर जळत होती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच तोंडाला झळ लागली. त्याने पुढे होऊन भिंतीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. कुठे धूर नाही, जाळ नाही. रंगवलेली भिंत नुसती तापत चालली होती.

पुढचं सगळं त्याने चोख केलं, त्यात नाव ठेवायला जागा नाही. घंटा दिली. ताईने साठ जणींना दोन रांगांत चार मिनिटांत रस्त्यावर आणलं, मोजलं, परत मोजलं. बाईंनी बंबाला फोन केला. तपासनीस सिलिंडरची पिन काढून भिंतीसमोर उभा राहिला, डागावर नजर रोखून, जाळ कुठून निघतो ते बघत. जाळ निघाला नाही. बघता बघता झळ ओसरली. बंबवाले खाली पोचले तोवर भिंत ओलसर आणि थंडगार होती.

त्यांच्या प्रमुखाने तळहात लावला, मग उष्णता मोजायचं यंत्र लावलं. आसपासच्या गासड्या हलवून बघितल्या. काही आढळलं नाही, असं लिहून त्याने तपासनिसाकडे नीट बघितलं आणि विचारलं, जेवलात का साहेब? विचारण्यात चेष्टा नव्हती, त्यामुळे ते जास्तच लागलं. ते लोक जिना चढायला लागले, तसा त्यांना काही सांगावं म्हणून तपासनीस वळला, आणि त्याच्या पाठीला झळ लागली. तो गर्रकन फिरला. झळ विझली.

त्याने पुन्हा करून बघितलं. पाठ केली, मोजत तीनपर्यंत गेला. सदरा पाठीला चिकटला, मानेवरचे केस करपायला लागले. तोंड वळवलं, गार. मग बाईंना बघायला सांगून स्वतः जिन्यापर्यंत गेला. बाई डागावर डोळे लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीचा रंग फुगून पोपडे धरायला लागला. त्याने धावत येऊन नजर रोखली तेव्हा पोपडे धरणं थांबलं.

बाई जिन्याखाली गेल्या. डबा घेऊन आल्या आणि न सांगता त्याच्यामागे पालथा ठेवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "लिहिलंय तुम्ही…"

तपासनीस बसला. तेव्हा कुठे त्याला आपण काय केलं ते दिसलं, आणि कान गरम झाले. अर्धा तास बसलो असं त्याने लिहून दिलं होतं आणि बसला नव्हता. चूक आपली, तर ती आपण भरून काढू, असं म्हणून त्याचं मन जरा शांतही झालं. अर्धा तास खरोखर बसायचं, भिंत बघायची, उठायचं. ताईला त्याने निरोप पाठवला की सगळ्यांना आजच्या दिवस घरी सोड. ताईने एक प्रश्न विचारला नाही. साठही जणी गेल्या.

तीस मिनिटं त्याने मनगट डोळ्यांसमोर धरून मोजली. मग भिंतीला हाताची उलटी बाजू लावली. थंड. उठला, दोन पावलं गेला, आणि झळ आली. परत बसला. दुसरा अर्धा तास मोजला. तिसरा. पाचव्या अर्ध्या तासानंतर त्याने उठून बघायचं सोडलं. तो घाबरला होता. त्याला घरी जायचं होतं. झाकून ठेवलेलं ताट, बायकोची दाराकडे लागलेली नजर, हे सगळं त्याला त्या काळ्या डागात दिसत होतं आणि रडू येत होतं. मामांनीही असेच मोजले असतील, पहिले काही, हे त्याच्या मनात आलं. मग ते कितव्या अर्ध्या तासाला थांबले असतील, हेही आलं.

संध्याकाळ झाली. भिंतीपलीकडच्या घरांत लोक कामावरून परतल्याची चाहूल लागली. नळ सुटला, भांडी वाजली, कुठलंसं मूल मोठ्याने पाढे म्हणायला लागलं, आठावर अडायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. कारखाना रिकामा झाला म्हणून आपण सुटलो, ही जी एक आशा त्याने धरून ठेवली होती, ती त्या पाढ्यांनी संपवली.

ताई खाली आली तेव्हा सात वाजून गेले होते. बाईंनी तिला वर सगळं सांगितलं असावं, कारण तिने काय झालं असं विचारलं नाही. ती जवळ आली आणि त्याच्या केसांतून हात फिरवला, तो शाळेत जायचा तेव्हा फिरवायची तसा.

"ऊठ," ती म्हणाली. "मी बसते. तू जेवून ये."

"नाही चालणार, ताई."

"आजवर तुझ्यासाठी कमी बसले का रे मी इथे? ऊठ म्हणते ना."

तिचं त्याने आयुष्यात कधी मोडलं नव्हतं. तो उठला, ती बसली, आणि डागाकडे तिने असं बघितलं की वाटावं भिंतीने मुकाट्याने ऐकावं. दहा आकडे मोजायच्या आत तिच्या कपाळावर घाम फुटला. ती हलेना. पापणी न लवता तशीच बसून राहिली आणि तिच्या भुवयांचे केस जळल्याचा वास आला, तेव्हा तपासनिसाने तिला दंडाला धरून खेचलं आणि डब्यावर बसला. भिंत गार झाली. पलीकडे मूल परत आठावर अडलं.

ताई रडली. मोठ्याने नाही, पण त्याला ऐकू येईल इतकं. त्याला वळून बघता येत नव्हतं, हे त्याला सगळ्यांत जास्त लागलं. सही माझी आहे, ताई, तुझी नाही, एवढंच तो म्हणाला. मग जरा वेळाने, घरी फोन कर, ती वाट बघत असेल, म्हणाला.

फोन करायला ताई गेटवर गेली. तपासनीस एकटा बसून राहिला. ट्यूबलाइटची बारीक गुणगुण तेवढी होती. आणि आपले दोन्ही हात गुडघ्यांवर आहेत, हे त्याला दिसलं. ते त्याने उचलून मांडीवर घेतले. थोड्या वेळाने बघितलं, तर ते परत गुडघ्यांवरच होते.

ताई परत आली ती अर्ध्या जिन्यातच थांबली.

"बोललीस?" त्याने विचारलं.

"बोलले… धाकट्या, गेटवाला एक निरोप सांगतोय. बंबाच्या गडबडीत विसरला म्हणाला."

"कसला निरोप?"

"दुपारी एकच्या सुमाराला आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर गेले. रबरी चपला, गुडघे धरून चालत होते. तो नवा आहे, त्याला वाटलं आपल्यातलेच कोणी. त्यांनी त्याला सांगितलं, जरा पाय मोकळे करून येतो…" ताई एक पायरी खाली उतरली. "खाली माझ्या जागेवर एक जण बसेल, म्हणाले. त्याला सांग, नजर हलवू नको. अर्ध्या तासात आलोच."

डागावरची नजर तशीच ठेवून तपासनिसाने डावं मनगट ताईच्या दिशेने लांब केलं आणि म्हणाला, "एवढं घड्याळ काढून घे, ताई."